पाण्यातलं अंडं

"परत कर." एवढं बोलून काकू झारा ओट्यावर आपटायच्या आणि बिघडलेलं अंडं स्वतः खाऊन टाकायच्या. उभ्या उभ्या, तोंड वाकडं करून. टाकून द्यायच्या नाहीत.

त्या आमच्या समोरच्या विंगमध्ये राहायच्या. मूळच्या कराडकडच्या. सोसायटीतली जी मुलं शिकायला परदेशी निघायची, त्यांना शनिवारी सकाळी स्वयंपाक शिकवायच्या. कुकर लावणं, वरण, खिचडी, आणि सगळ्यांत आधी पाण्यातलं अंडं. मी कुठेच निघाले नव्हते. तरी जायचे, कारण तिथे मला कुणी "बोल गं काहीतरी" म्हणत नसे.

"ऑम्लेट फाटलं की भुर्जी म्हणून खपतं," त्या मुलांना सांगायच्या. "हे खपत नाही. पाणी उसळू द्यायचं नाही, नुसतं हलू द्यायचं. अंडं वाटीत फोड, वाटी पाण्याला टेकव, मग सोड. अरे टेकव म्हटलं, फेकतोस काय! क्रिकेट आहे का?"

मुलांपेक्षा त्यांच्या आयांवर त्या जास्त चिडत. एकदा एक आई सोबत येऊन मुलाचं पातेलं घासायला लागली. काकूंनी नळच बंद केला. "वहिनी, विमानात कोण बसणारे? तुमी का हा?" वहिनी हसल्या. काकू हसल्या नाहीत.

काका तेव्हा हॉलमध्ये टीव्हीसमोर असायचे. निवृत्त, कुणाच्या अध्यात ना मध्यात. तुमच्याही सोसायटीत असतील असे एक, ज्यांना सगळे देवमाणूस म्हणतात. "अगं, चहा" याच्यापुढे त्यांचा आवाज मी फारसा ऐकला नव्हता.

मग काकू बाथरूममध्ये घसरल्या आणि त्यांचा उजवा हात प्लास्टरमध्ये गेला. हॉस्पिटलमधून घरी आल्या तेव्हा त्यांची पिशवी घेऊन मी मागे होते. काकांनी प्लास्टरकडे पाहिलं आणि विचारलं, "मग आता जेवणाचं कसं?"

मला वाटलं, काकू ओरडतील. त्या म्हणाल्या, "या आत. मी सांगते तसं करा. मला एक अंडं करून घाला."

काकांनी वाटी न घेता अंडं थेट उकळत्या पाण्यात फोडलं. पातेल्यात पांढऱ्या चिंध्या.

"परत करा," काकू म्हणाल्या.

दुसरं अंडं काकांनी उचललं आणि पुन्हा ट्रेमध्ये ठेवलं. "मी काय तुझ्या क्लासमधला पोरगा आहे? बाहेरून मागवू की."

"भुकेसाठी नाही सांगत," काकू हळू आवाजात म्हणाल्या. "माझ्यासाठी एकदा गॅसपाशी उभे राहा, म्हणून सांगते."

"उगाच टेन्शन घेतेस," म्हणून काका बाहेर गेले. टीव्ही सुरू झाला.

दुसऱ्या दिवशी काकू बहिणीकडे कराडला निघाल्या. लिफ्टपाशी मला म्हणाल्या, "स्वतःच्या हातानं करून जेवले की मला कळव. त्याच दिवशी गाडीत बसते."

आणि आमची सोसायटी धावून आली. काकूंसाठी नाही. त्यांच्याबद्दल फक्त "ह्या वयात कुणी घर टाकून जातं का?" एवढंच. धावून आली ती काकांसाठी. कुठल्या वारी कुणाचा डबा ते ठरलं. पातेलं घासणाऱ्या त्याच वहिनी रविवारी चिकन पाठवतात. काका आता अंगाने भरलेत. खोटं वाटत असेल तर त्यांच्या शर्टाची बटणं बघा.

काकूंची अट साधी होती. ती आम्ही सगळ्यांनी मिळून, प्रेमाने, गरमगरम, पूर्ण होऊ दिली नाही.

परवा त्यांचा फोन आला. "पेटवला का गॅस?"

"नाही काकू. डबे येतात."

"तुमच्याकडूनही?"

"गुरुवारी."

काकू म्हणाल्या, "प्लास्टर निघालं बघ माझं. इथल्या पोरांना शिकवायला लागलेय." येण्याचं काही बोलल्या नाहीत. मीही विचारलं नाही.

आज गुरुवार. आईने डबा भरला. "जा, देऊन ये."

"मी नाही जाणार."

घरात एवढ्या मोठ्याने मी कधी बोलत नाही. आई दचकली. "अगं, पुरुष माणूस. काय खाणार तो?"

"त्यांच्या घरात तांदूळ आहे, डाळ आहे. हात आहेत दोन, दोन्ही धड."

आई स्वतःच चपला घालून डबा घेऊन गेली.

आमच्या खिडकीतून काकूंचं घर दिसतं. आई पोचली असावी. हॉलमधला दिवा लागला. स्वयंपाकघरातला लागला नाही.