भूगोलाच्या मास्तराने उचललेले दगड

मे महिन्याच्या सुट्टीत लोक सासुरवाडीला जातात, थंड हवेच्या ठिकाणी जातात, निदान गच्चीवर गादी टाकून पडतात. मी विहीर खणायला निघालो. बायकोने पिशवीत कंबरेला चोळायचं मलम टाकलं आणि म्हणाली, "मागच्या महिन्यात गॅसची टाकी सरकवलीत, तर चार दिवस वाकून चालत होतात. आता विहीर." मी तिला समाजसेवेवर दोन वाक्यं ऐकवली. तिने "बरं" म्हणून दार लावून घेतलं.

तेव्हा आमच्या शहराला औरंगाबाद म्हणत आणि मी तिथल्या एका शाळेत भूगोल शिकवायचो. वीस वर्षं फळ्यावर समोच्चरेषा काढत होतो (एकाच उंचीची ठिकाणं जोडणारी रेघ, पाणी कुठवर चढेल ते तिच्यावरून कळतं). एवढं वाचकांनी लक्षात ठेवावं. पुढे माझी अब्रू जाते ती याच रेघेपायी.

आम्ही सहाजण होतो. चार बँकेतले कारकून, मी, आणि शहागंजात पाइप-नळांचं दुकान चालवणारे इब्राहिमभाई. हातपंप त्यांनीच दिला होता आणि पंपाबरोबर स्वतःही आले होते. पंप पैठणच्या एसटीच्या टपावर चढवताना कंडक्टरने विचारलं, "हे काय, तोफ नेताय का पैठणला?" इब्राहिमभाई म्हणाले, "तोफ कायकू, पानी निकालनेका हय." कंडक्टरने पंपाचं अर्धं तिकीट फाडलं आणि मी त्याला शिवाजी महाराजांच्या काळापासूनची सेवावृत्ती समजावत होतो तेवढ्यात घंटी मारून तो पुढे निघून गेला.

पैठणहून टेम्पोने धरणाच्या मागच्या अंगाला गेलो. पाणी दिसलं. दुसरा काठ दिसत नव्हता. मधोमध एक तपकिरी टेकाड आणि त्यावर बारा-पंधरा घरं. धरण भरलं तेव्हा खालचं गाव बुडालं, ही वस्ती तेवढी वर राहिली. लोक तिला टेकवाडी म्हणतात. गावची गोड्या पाण्याची विहीरही धरणाच्या पोटात गेली. तेव्हापासून चहूकडे पाणीच पाणी, आणि प्यायला मात्र तेच हिरवट, गाळाचं, जनावरं बसतात ते.

पलीकडे न्यायला भानुदास आला होता. तिशीतला, मेंढरं राखणारा, बोलायला आखडता. त्याची नाव म्हणजे काहील (गूळ रटरटवायची भली मोठी लोखंडी कढई). एका खेपेला दोनच माणसं. "मधात बसा गुर्जी, अन् हलू नका," तो म्हणाला. मी हललो नाही, पण माझ्या वजनाने काहील माझ्या अंगाला कलली. काहिलीला पुढचं-मागचं नसतं, ती गरगर फिरायला लागली. चारही दिशा मी मुलांना तोंडपाठ करून घेतो. त्या दिवशी चारही दिशा मिनिटभरात तीनदा पाहिल्या. इब्राहिमभाई डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होते. काठाला लागल्यावर भानुदास म्हणाला, "गुर्जी, तुमाला परत नेताना एकल्यालाच न्यावं लागंल." आम्हा सगळ्यांना सोडून तो आल्या पावली परतला. त्याची मेंढरं पलीकडच्या माळावर होती आणि आठ दिवस राखणीची पाळी त्याची होती.

आमची सोय त्याच्या आईकडे होती. सरूबाई, सत्तरीच्या आसपासची, वाळून काठी झालेली. तिने आल्याआल्या माडगं दिलं (हुलग्याच्या पिठाची पातळ, तिखट पेज). मी दोन वाट्या प्यालो आणि तिसरीला नको म्हणायचं म्हणून नको म्हटलं. तिने ओतलीच. मग चुलीसमोर बसून तिने काय ते सांगितलं.

"आमची मंदा, सून, म्हायेरी गेली देवगाव रंगारीला. सा महिनं झालं. नात लई आजारी झाली व्हती, काविळ. जगली पोर, पन मंदा म्हनली, आत्याबाई, चांगलं पानी व्हईल तवा येते. त्याबिगर नाय."

"मग?" मी विचारलं.

"मग काय. तिचं खरंच हाय. पन भानुदास मुका झालाय. अन् म्या नातीचं तोंड बघितलं नाय सा महिनं."

मी तिला म्हटलं, "आजी, आठ दिवसांत पाणी देतो." हे वाक्य बोलताना माझा आवाज इतका भरीव निघाला की मलाच बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी जागा निवडली. निवडली म्हणजे काय, नकाशा पसरला, होकायंत्र ठेवलं आणि ज्या ठिकाणी खणायला सगळ्यात कमी कष्ट पडतील ते ठिकाण शास्त्रीय ठरवलं. पाण्यापासून थोडं वर, मऊ गाळाची जमीन. कल्पना अशी की धरणाचं पाणी वाळू-मातीतून गाळत विहिरीत झिरपेल आणि हातपंपाने वर येईल. कुदळ लोण्यात गेल्यासारखी जात होती. तिसऱ्या दिवशी पाणी लागलं. इब्राहिमभाईंनी मला मिठी मारली. बँकेतल्यांनी माझा फोटो काढला, एक पाय मातीच्या ढिगावर ठेवलेला.

आता विहिरीभोवती ओटा बांधायचा, त्याला दगड हवेत. आणि काय सांगावं, दगड तयारच होते. जरा वरच्या अंगाला उतारावर मांडून ठेवल्यासारखे, एकेक हात-दीड हात लांबीचे, चुन्याने रंगवलेले. मला वाटलं, आमच्याआधी कोणीतरी भला माणूस श्रमदानाला येऊन गेला असणार आणि दगड जमवून ठेवले असणार. मी स्वतः उचलायला सुरुवात केली. सरूबाई घागर घेऊन चालली होती, ती थांबली.

"गुर्जी, ते दगड ऱ्हाऊ द्या की."

"आजी, सवय आहे मला," मी म्हटलं. मला वाटलं, तिला माझ्या कंबरेची काळजी.

तिने घागर दुसऱ्या कडेवर घेतली. पुन्हा म्हणाली, "समदेच घेताय का?"

"सगळे लागतील."

"व्हय का," ती म्हणाली आणि गेली. इतर बायाही लांबून बघत होत्या, आपसांत काहीतरी बोलत होत्या. माझं कौतुक चाललंय असं समजून मी शेवटचे दोन दगड एकदम उचलले. त्याची किंमत कंबरेने वसूल केली. मलम संपलं.

आठव्या दिवशी भानुदास परतला. मी त्याला ओट्यावर नेऊन उभं केलं. "बघ." तो विहिरीकडे बघेना. वर उताराकडे बघत राहिला.

"दगड कुठंत?"

"यात," मी ओट्यावर पाय आपटून म्हणालो.

तो तिथंच खाली बसला. मग अगदी हळू म्हणाला, "गुर्जी, भादव्यात इथं दोन पुरुष खोल पानी आसतं."

झालं असं होतं. धरण दरसाल भरतं, दरसाल उतरतं. ज्या दिवशी पाणी सगळ्यात वर येऊन थांबतं, त्या दिवशी टेकवाडीची माणसं पाण्याच्या काठाला एक दगड ठेवतात आणि त्याला चुना फासतात. एका सालाला एक दगड. सगळ्यात वरच्या दगडाच्या खाली कोणी घर बांधत नाही, गोठा घालत नाही. गाळात पेरतात तेवढं आणि पाणी यायच्या आत काढतात. म्हणजे बेटावर एकच समोच्चरेषा होती, खरीखुरी, पाण्याने स्वतः आखलेली. ती भूगोलाच्या मास्तराने उचलून सिमेंटात घातली.

मी सरूबाईकडे गेलो. लाजेने मान वर होईना, म्हणून रागावलो. "आजी, तुम्हाला ठाऊक होतं, मग अडवलं का नाही मला?"

ती भाकरी थापत होती. थांबली नाही. "पयलं सरकारची मानसं आली व्हती तवा कागूद घिऊन आली, दगड रोवलं, अन् म्हनली इथवर पानी येईल. आमी हासलो. पानी आलं. गाव गेलं." तिने भाकरी तव्यावर टाकली. "आता तुमी कागूद घिऊन आले अन् दगड उचललं. म्या म्हनलं, सरकारनं पानी वर यायचं बंद केलं आसंल. शिकलेला मानूस उगं कशाला उचलंल? म्हून मंदाला सांगावा धाडला. ये म्हनलं, पानी झालं, धरनबी मागं हटलं."

मला तेव्हा काय वाटलं ते लिहायची माझी ताकद नाही. एवढंच लिहितो, की मी चुलीपाशी बसून रडलो आणि तिने मला धुराचा त्रास होतोय असं समजून बाहेर बसायला सांगितलं. खरंच तसं समजली की तसं दाखवलं, देव जाणे.

सांगावा पोचला होता. दुसऱ्या दिवशी मंदा आली. काहिलीत ती, मांडीवर चार वर्षांची पोर आणि पत्र्याची पेटी. भानुदासने वाटेतच तिला खरं सांगितलं असावं, कारण उतरली ती सरळ माझ्यापुढे येऊन उभी राहिली.

"तुमीच का दगड उचलनारे गुर्जी?"

"मीच."

"चार दिवस बघते," ती म्हणाली. पोर तिने आजीच्या कडेवर दिली, पण पेटी उंबऱ्याबाहेर ठेवली. "पानी लागलं तर आत घेईन. नाय तर ही अशीच माघारी."

आता विहीर रेघेच्या वर हवी, आणि रेघ तर गेलेली. मी नकाशा काढला, तो इब्राहिमभाईंनी घडी करून स्वतःच्या खिशात ठेवला. "मास्तर, अब ये नक्को." सरूबाईने घागर भरून डोक्यावर घेतली आणि दारातून पाण्याच्या दिशेने मोजत चालायला लागली. मी म्हटलं, रिकामी घ्या, उगाच ओझं. ती म्हणाली, "रिकामीनं पाऊल लांब पडतं. भरलेलीच आनत आलेय मी." तिला दर सालचं ठाऊक होतं, भरल्या धरणात दारापासून पाणी किती पावलांवर. थांबायची, टाचेने खूण करायची, साल सांगायची. "ह्ये भानुदासच्या लग्नाचं. ह्ये नात झाली त्याचं." मी ओटा फोडून सिमेंट चिकटलेले दगड एकेक करून परत नेत होतो. उचलताना सोपे वाटले होते.

सगळ्यात वरच्या दगडाच्याही चार पावलं वर नवी विहीर धरली. तिथं गाळ नव्हता, मुरूम होता. बँकेतल्यांची रजा संपली, ते गेले. माझीही सुट्टी संपत आली होती, म्हणून मी शाळेत तार केली, कारण लिहिलं "प्रकृती". इब्राहिमभाईंनी दुकान भावावर टाकलं. भानुदास आणि ते खाली खणत, मी वर दोर ओढत असे. कंबर धरली की मंदा काही न बोलता माझ्या हातातून दोर घ्यायची आणि दोन घमेली जास्त काढायची. पहिला दिवस कोरडा. दुसरा कोरडा. तिसऱ्या दिवशी पोर पेटीवर बसून विचारत होती, आपण कधी जायचं. सरूबाईने तिला मांडीवर ओढून घेतलं आणि तिचे केस विंचरत बसली, सबंध दुपारभर.

चौथ्या दिवशी उन्हं कलताना खालून इब्राहिमभाईंचा आवाज आला. "मास्तर, पत्थर गिल्ला है."

दोन दिवसांनी हातपंप बसला. पहिल्यांदा लाल पाणी आलं, मग गढूळ, मग नितळ. मंदाने पितळी तांब्या भरला, उजेडाला धरून बराच वेळ पाहिला आणि माझ्यापुढे केला. "आधी तुमी."

मी तांब्या रिकामा केला. ती माझ्याकडे बघत राहिली, मी जिवंत राहतो का ते पाहत असावी. मग तिने पोरीला पाजलं, उठली आणि पेटी उचलून उंबऱ्याच्या आत नेली. भानुदास पंपाकडे तोंड करून उभा होता, उगाचच दांडा हलवत. पाणी वाहून चाललं होतं आणि कोणी त्याला थांबवलं नाही.

परतीला त्याने मला खरंच एकट्याला नेलं. घरी बायकोने विचारलं, "झाली विहीर?" मी म्हटलं, "दोन झाल्या." तिने माझी चाल पाहिली आणि पाणी तापवायला ठेवलं.

भादव्यात टेकवाडीहून निरोप आला, या म्हणून. गेलो. धरण तुडुंब होतं. माझी पहिली विहीर कुठंतरी तळाशी मासे सांभाळत होती. नवा पंप पाण्यापासून सहा पावलांवर कोरडा उभा, आणि त्याच्यापाशी बायांची रांग. सरूबाईने काठावर एक दगड आणि चुन्याचा डबा काढून ठेवला होता.

"या सालचा तुमी ठिवा गुर्जी. उचलता येतो, तर ठिवताबी येईल."

मी ठेवला, चुना लावला. थोडा धोतराला लागला. मंदाची पोर म्हणाली, वाकडा ठेवलाय. तो सरळ करून घेतला.

आता सेवानिवृत्त झालो. नोकरीत होतो तोवर समोच्चरेषा मीच काढत होतो, खडूने, फळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. तास संपल्यावर डस्टर मात्र मुलांच्या हातात द्यायचो. ती रेघ पुसायचं काम माझ्याकडून एकदा झालं होतं.