सत्तेचाळीसची की एक्कावन्नची

आयुष्यात तज्ज्ञ म्हणून मी एकदाच सल्ला दिला. मध्य भारत सरकार नवं नवं होतं, मी कॉलेजात होतो. घरात सायकलसुद्धा नव्हती, पण विलायती मोटारींची मासिकं वाचून मी स्वतःला इंजिनियर समजत होतो.

वडील संस्थानच्या मोटारखान्यात मिस्तरी. संस्थान गेलं, मोटारखाना मोडला, तेव्हा जुनी इंदूरच्या एका सरदारांनी त्यांना ठेवून घेतलं ते एका गाडीसाठी. दोघांपुरती, उघडी, सत्तेचाळीस सालची, टीसी नावाची विलायती गाडी. तिच्या चाकांची एकेक तार वडील पान्यानं वाजवत आणि आवाजावरून कसत. जेवताना तिची गाऱ्हाणी सांगत: खड्डा आला की मणके मोजून घ्यावेत, सुसाट सोडली की स्टिअरिंग भटकतं. आई म्हणे, पुरे सवतीचं कौतुक.

एकदा सरदारांकडे मुंबईहून त्याच कंपनीच्या नव्या गाडीचं, टीडीचं, पत्रक आलं. एक्कावन्नचं मॉडेल. वडिलांना इंग्रजी येत नव्हतं, म्हणून वाचायला मला बोलावलं. इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. वाचून गप्प बसायचं, एवढंच काम होतं. पण सरदार म्हणाले, "भिया, तू तर पढलेला. जुनी ठेवू का नवी घेऊ?"

झालं! मी सुटलोच. नवीला धक्के कमी, स्टिअरिंग सरळ, पुढेमागे बंपर. चाकं पत्र्याची, तारा कसायची झंझटच नाही. नवीच्या प्रत्येक गुणाला जुनीचा एक दोष जोडत गेलो, आणि ते दोष मासिकातले नव्हते, आमच्या पंगतीतले होते. वडील फडकं हातात घेऊन शेजारी उभे. मला वाटलं, पोराचा अभिमान वाटून गप्प आहेत. इतका मी हुशार.

महिन्याभरात टीसी विकली गेली. वडिलांनीच ती मालगाडीवर चढवून दिली. टीडीबरोबर मुंबईचा मेकॅनिक आला आणि वडील छत्रीबागेतल्या आमच्या दोन खोल्यांत बसून राहिले.

मी माफीचे शब्द जुळवत होतो, तोवर तेच म्हणाले, "तू बोललास ते सगळं खरं होतं रे. पण मी ते तुला घरचा म्हणून सांगत होतो."

त्यानंतर गल्लीतून मोटार गेली की त्यांचा घास हातात थांबे. तिचं काय बिघडलंय ते त्यांना कळलेलं असे. मी विचारी, काय झालंय तिला?

"काही नाही," ते म्हणत. "छान चाललीय."