आर्बर की हार्बर

मी जन्मभर बेंगळूरला, मल्लेश्वरमच्या एका शाळेत इंग्रजी शिकवलं आणि ज्या एका दिवशी ते घरच्यांच्या उपयोगी पडणार होतं, त्या दिवशी मी सगळ्यांना नेऊन तलावाच्या काठावर उभं केलं.

माझ्या भाचीचा, म्हणजे अण्णाच्या स्वातीचा, साखरपुडा होता. मुलाकडचे कन्नड, जागा त्यांनीच ठरवलेली, हेब्बाळच्या एका बागेत. आदल्या दिवशी अण्णाचा फोन आला.

"सुमा, व्याही म्हणाले, आत आलात की सरळ आर्बरपाशी या. आर्बर म्हणजे काय गं?"

"अण्णा, ह खाल्लास तू. हार्बर. बोटी लागतात ती जागा."

"बेंगळूरात?"

"हेब्बाळला तलाव नाही का? बाग त्याच्याच काठी असणार," मी म्हटलं. (हा आवाज मी नापासांसाठी राखून ठेवलेला आहे.) अण्णाने ते लगेच मानलं. माझ्या इंग्रजीवर त्याचा फार विश्वास.

स्वाती नटूनथटून मैत्रिणींबरोबर परस्पर गेली. आम्ही अकराजण, चौऱ्याऐंशी वर्षांच्या काकूंसकट, टेम्पोतून थेट तलावाच्या फाटकाशी उतरलो. हातात फळांची ताटं, अंगठी माझ्या पर्समध्ये. बाराला राहुकाळ लागणार होता, त्याच्या आत अंगठी घालायची होती.

"बोटी कुठे लागतात?" मी रखवालदाराला कन्नडमध्ये विचारलं.

त्याने आमच्या पैठण्या पाहिल्या. "बोट इल्ला, अम्मा. बदकं आहेत."

आम्ही काठाकाठाने शोधत निघालो. काकूंचा पाय चिखलात गेला, चप्पल तिथेच राहिली. ऊन चढलं. साडेअकराला स्वातीचा फोन.

"आत्या, कुठे आहात? आम्ही सगळे आर्बरमध्ये थांबलोय."

"आम्हीही हार्बरवरच आहोत. तुला पाणी दिसतंय का?"

"पाणी कुठलं? वेलींचा मांडव आहे. खाली बाकं. छान सावली आहे इथे." मग तिने घाईने विचारलं. "आत्या, अंगठी तुझ्याकडे आहे ना?"

म्हणजे अण्णाने ह खाल्लाच नव्हता. स्वातीकडून बागेचा पत्ता घेऊन मी सगळ्यांना टेम्पोकडे पळवलं. पळता पळता अण्णाला खरं काय ते सांगितलं. त्याने काकूंना उचलून टेम्पोत बसवलं.

बाराला सात मिनिटं असताना आम्ही पोहोचलो. काकू एका चपलेवर, माझी पैठणी गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेली. अंगठी घातली गेली, स्वाती रडता रडता हसली आणि मी मागे जाऊन उभी राहिले.

"उशीर का झाला?" व्याह्यांनी विचारलं. ते वनस्पतिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक.

"माझीच चूक. मी रस्ता चुकलो," अण्णा म्हणाला.

हे मात्र मला सहन होईना. मी सगळं कबूल केलं. व्याही हसले नाहीत. त्यांनी माझ्यासाठी खुर्ची ओढली.

"अहो टीचर, तुम्ही स्वल्पच चुकलात. हा शब्द इंग्रजीत आला तेव्हा त्यात ह होता. हर्बर म्हणायचे. मग ह गळाला. लोकांना वाटतं, लॅटिनमधल्या झाडाच्या शब्दावरून आला, पण तसं नाही. त्याच्या मुळाशी गवत आहे. आधी हिरवळीची बाग, मग बागेतला सावलीचा मांडव."

"बरं झालं सांगितलंत," मी म्हटलं. "मुळाशी गवत होतं, आणि मी मात्र शेण खाल्लं."