हिराची मनीऑर्डर

पत्ता न लागलेली पत्रं थोडे दिवस ठेवायची आणि परत पाठवायची, असा पोस्टाचा नियम आहे. किश्श्यांना असला काही नियम नाही! ते येतात आणि कायमचे मुक्कामाला राहतात.

एकोणीसशे तीसच्या आगेमागे मी आगरदांड्याच्या अलीकडच्या एका कोळीवाड्यात होतो. सकाळी शाळामास्तर, दुपारी पोस्टमास्तर. पगार जेमतेम एका माणसाचा, डोक्याला ताप मात्र दोघांचा! पोस्ट म्हणजे शाळेची पडवी, एक टेबल, एक तराजू आणि गणू पोस्टमन. गणूचा आवाज असा की तो पडवीतून ओरडला तरी पत्र गावभर पोचायचं. त्या पडवीतलं काहीही सांगायला बसलो की मी फिरून फिरून एकाच बाईवर येतो. तिचं नाव हिरा.

हिराचा नवरा राघू आगबोटीवर खलाशी होता. तुफानात तो समुद्रात पडला, तो मिळालाच नाही. मागे त्याची म्हातारी आई पारूबाय, नऊ-दहा वर्षांची चंदी आणि रांगणारी एक धाकटी. दीर काशा मुंबईला गोदीत होता. माणूस वाईट नव्हता, पण त्याचं एकच म्हणणं होतं. "वैनी, चंदीला मुंबैला शेटच्या घरी कामाला ठेवतो. खाऊनपिऊन दोन रुपये देतील. येक तोंड तरी कमी व्हईल."

चूल थंड होती, हिरा काय बोलणार? तेवढ्यात आगबोटीच्या कंपनीनं खलाशांच्या विधवांसाठी फंड काढला आणि हिराला महिन्याला आठ रुपये मंजूर झाले. हिशेब अगदी सरळ झाला. मनीऑर्डर आली तर चंदी घरी, मनीऑर्डर थांबली तर चंदी मुंबईला. हे साऱ्या गावाला ठाऊक होतं.

* * *

पहिली मनीऑर्डर आली तेव्हा अर्धा कोळीवाडा पडवीत! मी आठ रुपये टेबलावर मांडले, शाई पुढे सरकवली. हिरानं दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"मी न्हाय घेनार."

"का गं?"

"घेतले म्हंजे ते गेले आसं मीच लिवून दिल्यावानी व्हईल, मास्तर."

ज्याचा देह पाहिला नाही त्याचे पैसे कसे घ्यायचे, यावर माझ्याकडे कुठलाच नियम नव्हता.

तेवढ्यात पारूबाय काठी आपटत पुढे आली. पोटचा मुलगा गेलेली बाई! म्हणाली, "घे गो मुकाट! जिता व्हता तवा कदी येळेवर पैसं धाडलं का त्यानं? आता कुटं सुदारलाय!"

हिरा दचकली, मग हसली आणि हसता हसताच रडायला लागली. अंगठा दिला तिनं. पारूबाय तिथंच भिंतीला टेकून बसली आणि कितीतरी वेळ पदरानं डोळे पुसत राहिली.

* * *

आठ रुपयांचं काय करावं हे हिरा सोडून सगळ्यांना माहीत होतं! कुणी म्हणालं छप्पर शाकार, कुणी म्हणालं राघूच्या नावानं गावजेवण घाल. मी तर फळ्यावर खडूनं आकडे मांडून पोस्टाच्या बचत खात्यावर अर्धा तास व्याख्यान दिलं. तिनं मान डोलावत सगळं ऐकलं, तडक बंदरावर गेली आणि पाच रुपयांचा ओला जवळा, ती अगदी बारीक कोळंबी, सुकवून विकायला घेऊन आली.

वाळूवर जवळा पसरला. तिसऱ्या दिवशी, ऐन कार्तिकात, आभाळ फुटलं! जवळा असा कुजला की मला शाळेला सुट्टी द्यावी लागली. पोरं हिराला दुवा देत घरी गेली.

मी काही मोठ्या मनाचा माणूस नाही. मुद्दाम तिच्या दारावरून गेलो. "काय हिरा, सांगितलं होतं ना?"

"तुमचं बराबर हाय, मास्तर. पन पुडल्या म्हैन्याला पुना येनार ना पैसं?"

"येणार."

"मंग झालं तर! ह्या म्हैन्यात शिकले, पुडल्या म्हैन्यात कमवीन."

माझ्या अर्ध्या तासाच्या व्याख्यानात हे एक वाक्य नव्हतं. शंभर रुपये एकदम हातात पडले असते तर पहिल्या दणक्यालाच ती घाबरून बसली असती आणि उरलेले भावकीनं गोड बोलून खाल्ले असते. दर महिन्याला आठ येतात म्हटल्यावर एकदा आपटायची सोय झाली. पुढच्या महिन्यात तिनं आधी काय घेतलं असेल? एक जुनं फाटकं शीड! जवळ्यावर झाकायला. नंतर जवळा.

* * *

वर्षभरात "हिराची मनीऑर्डर" ही गावाची तिथी झाली. नाखवा तिला मासळी आधी द्यायचा, पैसे मनीऑर्डरीला. मीठवाला मीठ द्यायचा, पैसे मनीऑर्डरीला. एका घरचं लग्नसुद्धा ठरलं, "हिराच्या मनीआडरीनंतरचा सुक्रवार"! भटजींनी पंचांग उघडून तो दिवस चांगला निघतोय का बघितलं, एवढंच.

अशात बोटीवरून टपालाची थैली आणताना गणूचा पाय धक्क्यावरच्या शेवाळावरून घसरून मुरगळला. नऊ दिवस टपाल नाही. पाचव्या दिवसापासून गणूच्या घरी रीघ लागली. नाखवा आला, मीठवाला आला, तेलवाला आला, नवरीचा बाप आला. गणू भारावून मला म्हणाला, "मास्तर, लोकांचा माज्यावं केवडा जीव हाय, मना म्हाईतच नव्हतं!"

मी त्याचा गैरसमज तसाच राहू दिला. पण पारूबाय गरम तेलाची वाटी घेऊन त्याचा पाय चोळत बसली होती, तिला कसलं राहवतंय! "लवकर बरा व्हय रं बाबा. तुज्या ह्या येका पायावर आठ घरं उबी हायत!"

* * *

मग अंगठ्याचं प्रकरण. रोज मासळी साफ करून आणि मिठात हात घालून हिराच्या अंगठ्याच्या रेघाच झिजून गेल्या. कागदावर नुसता काळा ठिपका उमटायचा. वरच्या ऑफिसातून पावती परत आली, "अंगठा स्पष्ट नाही. बाई खरी असल्याची खात्री करावी."

बाई खरी असल्याची! माझं टाळकंच सरकलं. जिचा अंगठा कामानं झिजला ती खोटी, आणि ज्याचा गुळगुळीत तो खरा?

"उद्यापासून तू सही शिकायचीस," मी हिराला फर्मावलं.

ती ओल्या वाळूवर काठीनं गिरवायची. चंदी तिची मास्तरीण. पंधरा दिवसांत सही आली! फक्त सवय वाळूची, त्यामुळे कागदावर तिच्या "हिरा"नं सहीची जागा, साक्षीदाराची जागा आणि तारखेची जागा, तिन्ही गिळली. मी कपाळावर हात मारला. "अगं, जरा बारीक काढ की!"

"का म्हनून?" ती म्हणाली. "एवडी म्हेनत करून शिकले ती काय लपवायला?"

* * *

दुसऱ्या वर्षी तिनं सोडे सुरू केले. सोललेली, वाळवलेली कोळंबी, हो. काशाच्या मुंबईच्या शेजारणीला ते आवडले, तिनं दुसरीला सांगितलं, आणि व्हीपीनं पार्सलं जायला लागली. पार्सल सोडवताना गिऱ्हाइकानं पैसे भरायचे आणि ते पोस्टानं हिराला पोचवायचे. हा व्हीपीचा रस्ता तिला मीच दाखवला होता. त्याचं फळ मलाच भोगावं लागलं.

आमचं बिऱ्हाड पडवीला लागून, आणि आमच्या घरात कांदासुद्धा विचारून यायचा! टेबलाखाली सोड्यांची बोचकी, टेबलावर मांजरं. वरून पत्र आलं, "आपल्या टपालास उग्र वास येतो. खुलासा करावा." मी खुलासा केला, "वास टपालाचा नसून गावाचा आहे. बदलीस तयार आहे." बदली काही झाली नाही.

आमची ही दोन महिने नाकाला पदर लावून वावरली. तोंडाचा पट्टा वेगळाच. एके दिवशी मात्र ताट वाढता वाढता थबकली आणि काळजीनं म्हणाली, "अहो, आज वास नाही आला. हिराला बरं नाही का?"

* * *

आता शेवटचं सांगतो आणि उठतो.

फंडाला दर वर्षी माझ्या सहीचा दाखला लागे. बाई जिवंत आहे, तिनं पाट लावलेला, म्हणजे दुसरं लग्न केलेलं नाही, तिला दुसरं उत्पन्न नाही. पहिल्या वर्षी मी बिनघोर सही केली. दुसऱ्या वर्षी पत्र आलं की कंपनीचा माणूस समक्ष चौकशीला येतोय. हिरा तेव्हा सुकट घेऊन तळा गावच्या बाजाराला गेलेली. खाडीतून मांदाडपर्यंत मचवा, पुढे डोक्यावर पाटी.

गावानं आपसांत ठरवून टाकलं, हिराला गरीब करायचं! तिची पत्र्याची पेटी एका घरात गेली, तराजू दुसऱ्या घरात, काठ्यांवरचे बोंबील उतरवून तिसरीकडे. तेवढ्यानं समाधान होईना म्हणून पाच पोरं उसनी आणून तिच्या घरात बसवली. त्यांत नाखव्याचा गुबगुबीत पोरगा, कमरेला चांदीचा करदोटा!

काशाही नेमका आदल्या दिवशी मुंबईहून आलेला. "ह्ये पैसं आता बंद व्हनार," म्हणाला, आणि चंदीच्या कपड्यांचं गाठोडं बांधून दारात ठेवून मोकळा झाला.

सकाळी साहेब आले. काळा कोट, हातात छत्री, बोट लागून तोंड पिवळं पडलेलं. मी शाळा तशीच सोडून धावलो. साहेबांनी कागद पाहिला, पोरं मोजली. "इथं मुली दोन लिहिल्यात. हे सात कसे?"

गणू कळवळून ओरडला, "गरिबी लई वाईट, सायब!"

आणि त्याच वेळी भरतीच्या मचव्यानं हिरा परत आली. तिला कुणी काही सांगितलंच नव्हतं. दारात पाऊल टाकलं, रिकामं घर पाहिलं आणि किंचाळली, "आगो बाय! घर फोडलं माजं! माजी पेटी! माजा नवा तराजू! दोन मन बोंबील! दीड मन सुकट! सोड्यांची तीन डालगी! आन ही पोरं कुनाची?"

सगळा माल तिनं एका दमात मोजून दाखवला. साहेबांना नुसतं लिहून घ्यायचं काम होतं!

गावानं माना खाली घातल्या. मग तिला साहेब दिसले, माझ्या हातातला दाखला दिसला. खरं सांगतो, मी "उत्पन्न नाही" असं लिहायला तयार होतो. टाक शाईत बुडवलेला होता.

"मास्तर, खरं हाय तेच लिवा," हिरा म्हणाली. "हा धंदा माजा हाय."

"मग फंडाचे पैसे कशाला हवेत तुम्हाला?" साहेबांनी विचारलं.

"सायब, होडी आता कुटं पान्यात गेलीया. लगीच वल्हं काडून घेऊ नका. पल्याड लागले की मीच परत देईन."

साहेब पारूबायकडे वळले. "आजी, तुम्ही सांगा. ही बाई निराधार आहे का?"

"ती?" म्हातारी उसळली. "ती निराधार झाली तर आमी खाऊ काय?"

साहेबांनी बराच वेळ काहीतरी लिहिलं, वही मिटली. "निकाल वरून येईल," एवढंच बोलले. मनीऑर्डर पुढं दीड वर्ष येत राहिली, हे मी तुम्हाला आज सांगतोय. त्या सकाळी ते कुणालाही माहीत नव्हतं.

काशा पुढे झाला. "वैनी, बगितलंस ना? झालं आता. पोरीला सोड, बोटीची येळ झाली."

चंदी खांबाला मिठी मारून उभी. हिरानं दारातलं गाठोडं उचललं, सोडलं. चंदीचे दोन परकर, एक पोलकं, एकेक झटकून दोरीवर घातलं. मग शेजारणीला म्हणाली, "आन गो माजे बोंबील." आले. त्यांतले मावतील तेवढे तिनं त्याच फडक्यात भरले, गाठ आवळली आणि गाठोडं उचलून काशाच्या डोक्यावर ठेवलं.

"चला भावोजी. मचवा सुटंल. उद्या म्हसळ्याचा बाजार हाय."

काशानं दोन्ही हातांनी गाठोडं सावरलं. "आन चंदी?"

"तिला शाळा हाय," हिरा म्हणाली आणि माझ्याकडे वळली. "मास्तर, तुमी हितं काय करताव? जावा, घंटा द्या!"