सूर्यावरचा डाग

रोह्याचे एक निवृत्त मास्तर रोज सकाळी दुर्बिणीतून सूर्याचं बिंब कागदावर पाडून त्यावरचे डाग पेन्सिलीनं रेखाटायचे. मी तिथल्याच पोस्टात कारकून होतो. डाग मोठा दिसला की ते पत्र घेऊन यायचे आणि हळू आवाजात सांगायचे, "सूर्यावर वादळ उठणार. अवकाशातली दुर्बीण बंद ठेवा म्हणून अवकाश संस्थेला कळवतोय."

अपुऱ्या पत्त्यामुळे पत्रं परत येत. ती त्यांच्या हातात द्यायचा मला धीर झाला नाही.

एकदा पेपरात आलं, सौरवादळानं अवकाशातल्या त्या दुर्बिणीनं काढलेले फोटो पांढऱ्या ठिपक्यांनी भरले, काम ठप्प झालं.

मास्तरांनी विचारलं, "माझं पत्र पोचलं होतं ना?"

"व्हय, मास्तर."

"म्हंजे वाचूनसुद्धा कोणी ऐकलं नाय."

त्यानंतर त्यांनी सूर्याकडे दुर्बीण लावली नाही.