अकरा पायऱ्यांचे भाऊजी

जगातली एकही इमारत सरळ नाही, असं आमच्या भाऊजींचं ठाम मत आहे. अपवाद फक्त त्यांनी स्वतः उभ्या केलेल्यांचा. बालाघाटला बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते. ते रिटायर झाले, पण खिशातला ओळंबा काही रिटायर झाला नाही. लग्नाला गेले तरी जेवणाआधी मांडवाच्या खांबाला दोरी लावून बघतात. खांब सरळ निघाला तर दिवसभर नाराज असतात.

आमच्या गल्लीतलं मारुतीचं देऊळ त्यांच्याच देखरेखीखाली झालं. त्याला अकरा उंच पायऱ्या. "देवाकडे जातानी माणसाले थोडी धाप लागली पाहिजे," हे त्यांचं वास्तुशास्त्र. माझ्या ताईचे गुडघे गेले तेव्हापासून ती दर शनिवारी खालच्या पायरीवर बसून त्यांच्या चपला सांभाळते आणि तिथूनच हात जोडते. भाऊजी वरून प्रसाद आणतात. यात काही चुकतंय असं त्यांना सहा वर्षांत एकदाही वाटलं नाही.

मग लामता रोडला नवा बौद्ध विहार झाला. कळस नाही, उंबरठा नाही, विटा उघड्या. छताला गोल झरोका, त्यातून ऊन थेट बुद्धमूर्तीच्या मांडीवर उतरतं. पायऱ्यांऐवजी पिंपळाला वळसा घालून जाणारा लांब उतार. भाऊजी रोज चुका काढायला जायचे आणि तिथली माणसं त्यांना अदबीने पाणी द्यायची, हे त्यांना फार लागायचं. "गिलावा नाही, पायऱ्या नाही. हे तं धानाचं गोदाम होय," असं घरी येऊन सांगायचे. गोदामापाशी रोज दोन तास काय करता, असं ताईने विचारलं की विषय बदलायचे.

शेवटी बुद्धपौर्णिमेला तिने विहार बघायचा हट्ट धरला. मीही सोबत गेलो. भाऊजी फाटकाशीच भिंतीला ओळंबा लावून उभे राहिले, आणि वळून बघतात तर ताई शेजारी नाही. ती हळूहळू उतार चढून आत पोचली होती, झरोक्याच्या उजेडात ओट्यावर बसली होती.

"अवो, मी एकटीच आली," आम्ही आत गेल्यावर ती म्हणाली. "कोणाचा हातबी नाही धरला."

भाऊजींनी ओळंबा गुंडाळून खिशात ठेवला. भिंत कशी निघाली ते मी विचारलं नाही.

आता दर रविवारी दोघं विहारात जातात. ताई आत बसते, भाऊजी बाहेर उताराच्या तोंडाशी, तिच्या चपला पायाशी घेऊन. उतार कुठे खचतो का ते बघतो आहे, असं सगळ्यांना सांगतात. परवा मी म्हटलं, भाऊजी, आत चला की.

"राहू दे गा," ते म्हणाले. "सहा वर्षं तिनं माह्या चपला सांभाळल्या."