खालच्या सुराचा माणूस

धोंडिराम सोनुले गाताना डाव्या कानावर हात दाबून धरतो. पाहणाऱ्याला वाटतं, मोठा गवई असावा. पण बसमध्ये शेजारचा माणूस फोनवर ओरडायला लागला की आपण कान दाबतो, त्याच कारणाने तो दाबतो. बाकीचे ऐकू येऊ नयेत म्हणून.

आमची ख्रिस्ती मंडळी लहान आहे. घाटकोपर पूर्वेच्या एका शाळेचा हॉल आम्हाला रविवारी सकाळी उपासनेपुरता आणि शनिवारी संध्याकाळी सरावापुरता मिळतो. बहुतेक घरं मध्य प्रदेशातल्या पांढुर्णा-सौंसरच्या बाजूने, कारखान्यांच्या आशेने इकडे आलेली. धोंडिरामही तसाच आला, मिसरूड फुटायच्या वयात, मुलुंडच्या एका औषध कारखान्यात. तो चाळीत राहतो. शेजारच्या द्रौपदीबाई त्याला इतकी वर्षं एकच प्रश्न विचारत आल्या.

"तुमचा मिस्सा किती वाजता असतो हो?"

"मिस्सा नाही, बाई. उपासना. आम्ही लूथरन."

"म्हणजे कॅथलिकच ना?"

"हो," असं तो शेवटी म्हणायला लागला.

आमच्यात गाणं चार आवाजांत गातात. सगळ्यात वरचा आवाज बायकांचा, आणि गाण्याची चाल तिथेच असते. मधे दोन आवाज. सगळ्यात खाली बेस. बेसला स्वतःची चाल नसते. चार-पाच सुरांवर तो येरझाऱ्या घालतो. नुसता तेवढाच ऐकला तर कुणीतरी जड पावलांनी जिना चढतंय-उतरतंय असं वाटेल, गाणं कुठलं ते ओळखू येणार नाही. पण तो काढून घेतला की वरचं सगळं लोंबकळायला लागतं.

धोंडिराम पहिल्यांदा सरावाला आला तेव्हा त्याच्या पुढेच नंदा नावाची मुलगी उभी होती. तिचा आवाज स्वच्छ आणि पुढे जाणारा. दोन ओळी झाल्या की धोंडिराम आपलं खालचं सोडून तिच्या चालीमागे जायचा. गाणं शिकवणारे जुने मास्तर पेटीवर हात आपटायचे.

"सोनुले, वरचं ऐकू नको! ऐकलंस की वाहत जातोस. कान बंद कर तुझे!"

त्याने खरंच बंद केला. मग जमलं. पुढे नंदाशी त्याचं लग्न झालं. मूल झालं नाही, मास्तर वारले, कारखाना बंद पडला, बेस गाणारे बाकीचे एकेक करून बदलापूर-विरारकडे गेले, आणि धोंडिराम एकटा बेस उरला. नंदा पुढे उभी राहायची, तो मागे. सगळं आयुष्य तो तिच्या मागे उभा राहून, तिचा आवाज कानात शिरू नये याची काळजी घेत गात आला.

ईस्टरच्या पहाटेचं आमचं एक गाणं आहे. गावाकडच्या कुणा शिक्षकाने रचलेलं. आमच्याशिवाय कुणी गात नाही, यूट्यूबवरही सापडत नाही. "लोटली धोंड, उघडलं दार" अशी त्याची सुरुवात. येशूच्या कबरीच्या तोंडावर मोठी धोंड लावलेली होती, आणि भल्या पहाटे निघालेल्या बायांना वाटेत तीच चिंता होती की ती बाजूला कोण करणार. नंदाने यावरून घरात एक चेष्टा करून ठेवली होती. ईस्टरच्या पहाटे हॉलवर जायचं, आणि हा पांघरूण ओढून पडलेला. ती कमरेवर हात ठेवून म्हणायची, "आता ही धोंड कोन लोटीन बाप्पा?" पुढे ती त्याला बाराही महिने धोंडच म्हणायला लागली. "ए धोंड, चहा घे." सगळ्या मंडळीला ते माहीत होतं.

गेल्या नाताळानंतर नंदाला झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. समजायचं सगळं. दूध उतू जायला लागलं की डोळ्यांनी दाखवायची. पण तोंडातून फक्त "अं... अं..." यायचं, आणि ते ऐकून ती स्वतःच तोंड मिटून घ्यायची.

बोलायला शिकवणाऱ्या माधुरी मॅडम आठवड्यातून एकदा घरी येत. त्या म्हणाल्या, "काका, बोलणं गेलेली माणसं कधीकधी गाऊ शकतात. गाणं मेंदूत वेगळ्या ठिकाणी असतं. त्यांचं एखादं खूप पाठ असलेलं गाणं रोज त्यांच्यासमोर बसून म्हणा. हळूहळू शब्द चालीवर येतात. पहिले काही महिने फार महत्त्वाचे आहेत बरं का. नंतर अवघड होत जातं."

"मोबाईलवर लावलं तर?"

"नको. तुमचे ओठ दिसले पाहिजेत त्यांना. आणि आवाज ओळखीचा हवा."

मॅडम गेल्यावर धोंडिराम नंदाच्या खाटेशी स्टूल ओढून बसला. खाकरला. आणि गायला लागला. लोटली धोंड, उघडलं दार. शब्द बरोबर होते, पण गळ्यातून निघाला तो जिना. एक पायरी खाली, दोन वर, परत खाली. त्याने थांबून पुन्हा सुरुवात केली. परत तेच. चाल डोक्यात अंधुकशी होती, पण तोंड उघडलं की आवाज आपोआप खाली जाऊन बसायचा. नंदा थोडा वेळ त्याच्या तोंडाकडे बघत राहिली आणि मग तिने मान भिंतीकडे वळवली.

"काऊन वं? आवडलं नाही?" त्याने विचारलं.

रविवारी त्याने पाळकसाहेबांना गाठलं. ईस्टरआधीचा उपवासकाळ लागला होता, वेदीवर जांभळं कापड आलं होतं. पाळकसाहेबांनी उपासनेत नंदासाठी प्रार्थना केली आणि मग विचारलं की कोण कोण घरी जाऊन गाईल. बरेच हात वर झाले. गायनमंडळ सांभाळणारी अपूर्वा दिंडोशीहून येते, ऐरोलीला सॉफ्टवेअरच्या कंपनीत आहे. तिने तिथल्या तिथे व्हॉट्सअॅपवर पाळ्या लावल्या. पहिले काही दिवस बाया आल्या. फळं आणली, प्रार्थना केली, गायल्या. नंदाच्या डोळ्यांत काहीतरी हलायचं. मग कुणाच्या मुलाची बारावी आली, कुणाच्या सासूचं ऑपरेशन. कुणी वाईट नव्हतं. ग्रुपवर हात जोडलेल्या चित्रांची रांग मात्र रोज वाढायची.

मार्चमध्ये शाळेच्या परीक्षांमुळे हॉल सरावाला मिळेना. धोंडिराम अपूर्वाला म्हणाला, "आमच्याकडे घ्या ना सराव. नंदाच्या समोर. ईस्टरचं गाणं तर बसवायचंच आहे."

"चालेल ना काका! भारी आयडिया आहे."

शनिवारी संध्याकाळी सगळे आले. बाया खाटेच्या कडेला, पुरुष दारात, दोघं बाहेर गॅलरीत. गॅलरीच्या टोकाशी पांगारा लालभडक फुलला होता आणि त्यावर साळुंक्यांचा कालवा चालला होता. द्रौपदीबाई चौकटीला टेकून म्हणाल्या, "म्हणा, म्हणा. माझी सिरियल बुडाली तरी चालेल."

अपूर्वाने सूर दिला. धोंडिरामचा हात सवयीने कानावर गेला. त्याने डोळे मिटले आणि आपला जिना धरला. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं. शेवटच्या "आमेन"ला बाकीचे आवाज एकेक करून थांबतात, बेस तेवढा ताणून धरायचा असतो. त्याने तो धरला. डोळे उघडले तेव्हा सगळे नंदाकडे बघत होते आणि नंदा रडत होती. साधं रडणं नव्हतं ते. तोंड वाकडं करून, घशातून हंबरत ती रडत होती आणि डाव्या हाताने चादर ओढत होती. थांबेचना. बायांनी पाणी दिलं, पाठ चोळली. कुणीतरी घाईने प्रार्थना सुरू केली. गॅलरीतले दोघं चपला घालून खाली निघून गेले.

सगळे पांगल्यावर अपूर्वा जिन्यात थांबली. तिचे डोळे चमकत होते.

"काका, ऐकलंत ना तुम्ही?"

"काय?"

"काकू बोलल्या! दुसऱ्या कडव्यात. ‘धोंड’ म्हणाल्या. एकदम क्लिअर! आम्ही सगळ्यांनी ऐकलं. तुमच्याकडे बघून म्हणाल्या, म्हणून तर..." ती थबकली. "तुम्ही नाही ऐकलं?"

धोंडिरामचा हात पुन्हा कानाकडे गेला.

"गाण्यातलाच शब्द असेल ना तो," अपूर्वा म्हणाली.

"हो," तो म्हणाला. "गाण्यातलाच."

तिने त्याला हाक मारली होती. आणि खोलीत ज्याला ती ऐकू आली नाही असा तो एकटाच होता. तिच्याकडे न बघता, कान दाबून, डोळे मिटून तो खालचा सूर सांभाळत बसला होता. मग ती रडणार नाही तर काय करणार?

पुढचा सराव घरी झाला नाही. "काकूंना त्रास होतो," असं ग्रुपवर ठरलं. धोंडिरामने ते वाचलं आणि अपूर्वाला फोन केला.

"मले वरची चाल शिकव."

"काका, तुम्ही बेस आहात. तुमच्याशिवाय बेसला कुणी नाहीये."

"बेस राहू दे गं. चाल शिकव."

ती चाल गाऊन पाठवायची, एकेक ओळ. तो गॅलरीत पांगाऱ्याकडे तोंड करून उभा राहायचा, फोन कानाला लावून. ज्या कानावर इतकी वर्षं हात ठेवला त्याच कानाला. सुरुवातीला ओळ ऐकायचा आणि गळा खाली घसरायचा. द्रौपदीबाई पापड वाळत घालता घालता सांगायच्या, "परत खाली गेलात हो. वर, वर!" त्यांना चाल त्याच्या आधी पाठ झाली. हळूहळू त्याचा आवाज वर टिकायला लागला. म्हातारा, चिरका आवाज. पण गाणं ओळखू यायचं. तो रोज नंदासमोर बसून म्हणायचा. हात मांडीखाली दाबून ठेवायचा, म्हणजे कानाकडे जाणार नाही. ती बघायची. रडायची नाही, बोलायचीही नाही.

माधुरी मॅडमनी तिला तपासलं आणि बाहेर येऊन म्हणाल्या, "तुम्ही खूप केलंत, काका." त्यांनी ते भूतकाळात म्हटलेलं त्याच्या लक्षात आलं.

उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, त्याने पाळकसाहेबांना विचारलं, "ती बोलेल का हो?"

"विश्वास ठेवा, सोनुले."

"ठेवतो. पण कुठं ठेवू ते कळत नाही." रात्री धोंडिराम प्रार्थना करायला बसला तर त्याला शब्दच सुचेनात. नुसतं "आमेन" तेवढं आठवलं.

ईस्टरच्या पहाटे द्रौपदीबाई नंदाजवळ येऊन बसल्या आणि तो घाटकोपरला गेला. हॉलमध्ये मोगऱ्याच्या माळा, वेदीवर पांढरं कापड. गायनमंडळ उभं राहिलं. त्याच्या पुढची जागा रिकामी होती. मुद्दाम ठेवली नव्हती, कुणी तिथे सरकलं नव्हतं एवढंच. गाणं सुरू झालं. त्याचा हात कानापर्यंत गेला आणि मधेच थांबला. त्याला तो तिथे ठेवता येईना. सगळे आवाज एकदम आत शिरले. आणि त्याच्या तोंडातून वरची चाल निघाली.

त्याला कळलं. त्याने खाली जायचा प्रयत्न केला, पण जिना सापडेना. इतक्या वर्षांचा पाठ असलेला जिना तिथे नव्हताच. गाणं आधारावाचून लोंबकळायला लागलं, मधले आवाज डगमगले, सगळेच एका चालीवर आले. अपूर्वाने मान वर न करता कीबोर्डवर डाव्या हाताने बेस धरला आणि गाणं शेवटापर्यंत नेलं. "आमेन"सुद्धा कीबोर्डनेच धरलं.

नंतर चहा-बन वाटताना लोक हात मिळवत होते. "सलाम, सोनुले. झकास झालं आज." कुणाला काही जाणवलं नव्हतं. अपूर्वाच जवळ आली. "काका, पुढच्या वर्षीपासून बेस कीबोर्डवरच घेऊ या का? तुमच्यावर लोड नको. काकूंकडे बघायचं असतं ना तुम्हाला." तिने ते खरोखर मायेने म्हटलं होतं. त्याने मान डोलावली आणि बन रुमालात गुंडाळून घेतला.

घरी द्रौपदीबाई उठल्या. "शांत होत्या आज. बसा तुम्ही." जाताना त्यांनी दार ओढून घेतलं.

त्याने बनाचा तुकडा चहात भिजवून नंदाला भरवला. तोंड पुसलं. मग स्टूल ओढून बसला आणि तिच्याकडे बघत, दोन्ही कान उघडे ठेवून गायला लागला. लोटली धोंड.

नंदाने ओठ उघडले. तिने श्वास घेतला. चालीत जिथे श्वास घ्यायचा असतो, "उघडलं"च्या आधी, बरोबर तिथे. सगळं आयुष्य ती तिथेच श्वास घेत आली होती, आणि त्याला ते आज कळलं. तिची छाती भरली. तो गाता गाता थांबला आणि वाट पाहू लागला.

श्वास तसाच बाहेर आला. नुसती हवा.

त्याने दुसरी ओळ घेतली. तिने पुन्हा बरोबर जागी श्वास घेतला. पुन्हा हवा आली. तिसरी ओळ. चौथी. तिचे डोळे त्याच्या ओठांवरून हलत नव्हते. सगळं गाणं ती तशी गायली, एकही श्वास न चुकता. आणि तो कान उघडे ठेवून ऐकत राहिला, पण ऐकण्यासारखं काही नव्हतं.